लडाखचं सामान साताऱ्यातनंच घेतलं : कपड्याला पैकीच्या पैकी, डॉक्टरकीला शून्य

जूनमध्ये आम्ही चौघं लडाखला जाऊन आलो, मी, बायको, मेहुणा आणि त्याची बायको. जायच्या आधी महिनाभर घरात एकच विषय, जॅकेट कुठनं घ्यायचं. पुण्याच्या शोरूममधनं घ्यायचं तर चौघांचं बिल ऐकूनच थंडी वाजली असती, आणि ते परत साताऱ्यात घालणार कधी, इथं डिसेंबरात पहाटे यवतेश्वरला चालायला गेलं तरी स्वेटर पुरतो. मग ऑफिसातल्या एकानं इथलंच एक दुकान सांगितलं, ट्रेकिंगचं सामान विकतात पण आणि भाड्यानं पण देतात. नाव लिहीत नाही कारण पुढं एक तक्रार आहे, आणि माणसं तशी वाईट नाहीत.

गल्ल्यावर एक म्हातारे काका बसतात, त्यांच्यासाठी जा. मी बूट मागितले, माझा कायमचा आठ नंबर. काकांनी आधी जाड लोकरीचे मोजे हातात दिले, म्हणले हे घाला मग बूट. आठ नंबर गच्च. नऊ दिला, लेस आवळून बांधायला लावली, आणि दुकानाबाहेर गाडी चढवायला सिमेंटचा उतार केलाय ना, तिथं तोंड खाली करून उभं केलं, म्हणले आता पाय आपटा, बोटं पुढं टेकतात का सांगा. भर रस्त्यात मी पाय आपटतोय आणि समोरचा वडापाववाला झारा हातात धरून बघतोय. नाही टेकली बोटं. वर म्हणले हे आत्तापासनं रोज घाला, नवे बूट तिकडं जाऊन फोडायचे नसतात. महिनाभर मी ते घालून अजिंक्यतारा चढलो, लडाखमध्ये एक फोड आला नाही.

कपड्याचं पण तसंच. मी आपलं सगळ्यात जाड जॅकेट काढा म्हणून मोकळा झालो होतो, काकांनी तीन थर मांडले, आत थर्मल, मधी फ्लीस म्हणजे मऊ उबदार जॅकेट, वरनं वारा अडवणारं. आणि आत कॉटनची बनियन अजिबात नको म्हणले, घाम धरून ठेवते आणि मग तीच गार पडते. तेव्हा वाटलं तीन वस्तू खपवतायत, पण लेहला दुपारी उन्हात मी नुसत्या टीशर्टवर फिरलो आणि खारदुंगलाच्या खिंडीत, म्हणजे साडेसतरा हजार फुटांवर, तिन्ही थर घालून वर कानटोपी ओढली तरी फोटो काढायला हातमोजा काढवंना. एकच जाड जॅकेट असतं तर एक तर उकडून मेलो असतो नाहीतर गारठून.

भाड्याची पिसांची जॅकेटं दिवसाला शंभर रुपये, डिपॉझिट दीड हजार. हलकी आणि गरम, पण धुण्याच्या बाबतीत आनंद आहे, बायकोच्या जॅकेटला आधीच्या कुणाच्या तरी बामाचा वास होता. आणि काखेत शिवण उसवलेली तिथं चक्क सेलोटेप, हात वर केला की एक पीस बाहेर.

आता तक्रार. काका जेवायला गेले की काउंटरला एक पोरगा असतो. त्यानं ऑक्सिजनचा डबा गळ्यात मारला, तो तोंडाला लावून फुसफुस करायचा असतो ना तो, साडेसातशे रुपये. मी दोनदा विचारलं विमानात चालतो का, म्हणला सगळे नेतात दादा, चेक-इन बॅगेत टाका. पुणे एअरपोर्टवर नाव पुकारून बोलावलं, बॅग उघडायला लावली आणि डबा काढून घेतला. असला दाबानं भरलेला डबा हातातल्या बॅगेत पण चालत नाही आणि चेक-इनमध्ये पण नाही. आणि लेहमध्ये मेडिकलच्या दुकानात हेच डबे मिळतात! परत आल्यावर पैसे मागितले तर पोरगा म्हणतो, डबा आणून दाखवा मग बघू. अरे बाबा, तो घेतला काढून म्हणून तर आलोय.

आणि दुसरं, तोच पोरगा गिऱ्हाइकांना सांगतो की डायमॉक्सची गोळी, म्हणजे उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती, आणि हा डबा असला की लँड झाल्या झाल्या फिरायला मोकळे. हे मात्र ऐकू नका. आमच्या डॉक्टरांनी गोळी लिहून द्यायच्या आधी सल्फाची ॲलर्जी आहे का ते विचारलं, आणि बोटांना मुंग्या येतील, लघवीला जास्त लागेल हे पण सांगून ठेवलं, नाहीतर तिथं मुंग्या आल्यावर आम्ही घाबरलो असतो. तिकडं हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाबच साताऱ्यापेक्षा बराच कमी, त्यामुळं प्रत्येक श्वासाला कमी मिळतो. शरीराला सवय व्हायला दिवस जातात, डब्यातनं दहा मिनिटं बरं वाटतं एवढंच.

आमच्या कॉलनीत एक रिटायर्ड सुभेदार आहेत, अपशिंगे मिलिटरी गावचे, सियाचीन करून आलेले. ते म्हणले फौजेत नऊ ते बारा हजार फुटांच्या पट्ट्यात सहा दिवस ठेवतात, मग वरच्या टप्प्याला चार, त्याच्या वरच्याला आणखी चार, आणि तुम्ही सकाळी विमानानं साडेअकरा हजार फुटांवर उतरणार आणि दुपारी बाजार फिरणार होय? पहिले दोन दिवस लोळायचं, पाणी प्यायचं, दारूचं नाव काढायचं नाही. प्लॅन पण त्यांनीच फिरवला, आधी नुब्रा, कारण तिथं मुक्काम दहा हजारांच्या आसपास म्हणजे लेहपेक्षा खाली, पँगाँग चौदा हजारांवर, ते शेवटी. आणि सिम पोस्टपेड घ्या म्हणले, आपलं इकडचं प्रीपेड तिकडं बंद पडतं.

मेहुणा साताऱ्याची हिल मॅरेथॉन पळतो, त्याला हे सगळं म्हाताऱ्या माणसांसाठी वाटलं. पोचला त्याच दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्या पळत चढला. रात्री डोकं धरून बसला, दोनदा ओकला, आणि आमच्या हिला, जिला दुसऱ्या मजल्यावर चढताना धाप लागते, काही झालं नाही. फिटनेस आणि उंचीची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याला आता पटलंय, पण ग्रुपवर अजून तो ते बाहेरच्या जेवणामुळं झालं असंच सांगतो. दुसरा अख्खा दिवस झोपून काढला, हॉटेलवाल्यानं ऑक्सिमीटर लावून बघितलं, संध्याकाळी डोकं उतरलं. वाढत गेलं असतं तर खाली न्यायला लागलं असतं, तोच मुख्य इलाज.

तर पाचपैकी साडेतीन. दीड कापला तो डब्याचा आणि सेलोटेपचा. डिपॉझिट मात्र लगेच परत मिळालं, एक रुपया कापला नाही. जाताना काका असतील अशा वेळी जा, दुपारी एक ते चार नसतात. आणि जून ते सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर पंधरा दिवस आधी सांगून ठेवा, एल साइजची तीनच जॅकेटं आहेत आणि त्यातल्या एकाचं काखेचं सांगितलंच.