५ व्होल्टची चिप आणि ३.३ चा प्रोग्रामर: कुठली जोडी घ्यायची?

घरी लॉजिक चिप प्रोग्राम करायची म्हटलं की सगळे आधी मॅक्रोसेल (चिपमधले लॉजिकचे ठोकळे) किती आणि सॉफ्टवेअर कुठलं यावर बोलतात, व्होल्टेजचं नंतर बघू म्हणतात. मीही तेच केलं आणि प्रोग्रामर (चिपमध्ये डिझाइन उतरवणारं साधन) म्हणून वापरत असलेल्या एका पिकोची, म्हणजे ३.३ व्होल्टच्या छोट्या रास्पबेरी पाय बोर्डची, पिन घालवून बसलो. म्हणून इथे फक्त व्होल्टेजच बघू. पर्याय तीन धरतोय: जीएएल (छोट्या प्रोग्राम करता येणाऱ्या लॉजिक चिप) जातीतल्या एटीएफ१६व्ही८ आणि २२व्ही१०, ५ व्होल्टचा सीपीएलडी (त्याच कामाची मोठी चिप) एटीएफ१५०४एएस, आणि ३.३ व्होल्टवर चालणारा एक्ससी९५७२एक्सएल.

जीएएलचं पटकन सांगतो. चालते ५ व्होल्टवर, पण प्रोग्राम करताना दोन नंबरच्या पिनला १२ व्होल्टच्या आसपास द्यावे लागतात, आणि नेमके किती ते कंपनीप्रमाणे बदलतं. एरवी हीच पिन साधी इनपुट असते, त्यामुळे सर्किटमध्ये बसवलेली असताना प्रोग्राम करायचा विचारसुद्धा करू नका, चिप काढून प्रोग्रामरच्या सॉकेटमध्येच लावा. आर्डुइनोवाला घरगुती प्रोग्रामर बनवणार असाल तर व्होल्टेज वाढवणाऱ्या बूस्ट मॉड्यूलचा तो बारका पॉट (फिरवायचा स्क्रू) चिप न लावता, मीटर बघत बघत सेट करा. पॉट बरेच फेरे फिरवला तरी काहीच हलत नाही आणि मग एकदम व्होल्टेज वर उडी मारतं.

आता एटीएफ१५०४एएस. ६४ मॅक्रोसेल, जेटॅगच्या (चिप बोर्डवरच ठेवून प्रोग्राम करायची पद्धत) चार वायरी, आणि खरी गंमत इथेच आहे. याच्या इनपुटला टीटीएल लेव्हल चालते, म्हणजे २ व्होल्टच्या वर गेलं की तो १ समजतो, त्यामुळे ३.३ च्या प्रोग्रामरकडून टीसीके (क्लॉक), टीएमएस (मोड), टीडीआय (आत जाणारा डेटा) या तिन्ही वायरी सरळ जोडल्या तरी काम होतं. लोक इथपर्यंत बघतात आणि म्हणतात चालतंय की! पण चौथी वायर, टीडीओ, उलटी येते, चिपकडून प्रोग्रामरकडे, आणि तिच्यावर ३.३ च्या बरंच वर, अगदी ५ पर्यंत येऊ शकतं. यूएसबीवरून जेटॅग चालवणाऱ्या एफटी२३२एच चिपच्या इनपुटला ५ व्होल्ट चालतात, तिथे काळजी नाही. पिकोला चालत नाहीत. माझ्याकडे पहिल्या दिवशी सगळं मस्त वाचलं, दुसऱ्या दिवशी आयडी कोड (चिपचा ओळख क्रमांक) म्हणून नुसते १ च १ यायला लागले, मी तासभर वायरी बदलत बसलो आणि शेवटी कळलं की पिकोची पिनच गेली. उपाय काय होता तर दोन रेझिस्टर: टीडीओपासून १.८ के, तिथून ग्राउंडला ३.३ के, मधल्या सांध्यावर ५ चे साधारण ३.२ होतात. बाकीच्या तीन वायरींना काही लावायची गरज नाही. आय-टू-सी साठी मिळतात ते बीएसएस१३८ वाले छोटे लेव्हल शिफ्टर (सिग्नलचं व्होल्टेज बदलणारे) मात्र इथे लावू नका, त्यातल्या पुल-अपमुळे (सिग्नल वर ओढणारे रेझिस्टर) सिग्नल वर चढायला वेळ लागतो आणि टीसीकेचा वेग वाढवला की गडबड होते.

एक्ससी९५७२एक्सएलचं सगळं उलटं. सप्लाय ३.३, इनपुट ५ व्होल्ट सहन करतात, प्रोग्रामरही ३.३ चा, त्यामुळे प्रोग्रामिंगला डोक्याला ताप नाही. ताप सुरू होतो सर्किटमध्ये बसवल्यावर. आउटपुट फार तर ३.३ पर्यंत जातो. समोर ७४एचसीटी किंवा एलएस (२ व्होल्टलाच १ समजणाऱ्या ७४ मालिकेतल्या लॉजिक चिप) असेल तर आरामात चालतं, पण ५ व्होल्टवरची साधी ७४एचसी असेल तर तिला १ साठी ३.५ लागतात. टेबलावर बऱ्याचदा चालून जातं, म्हणून तर जास्त वाईट, कारण मग लोड वाढला किंवा चिप गरम झाली की मधूनच चुकायला लागतं आणि तुम्ही कोड तपासत बसता. तिथे एचसीच्या जागी एचसीटी लावा. शिवाय ५ च्या बोर्डवर वेगळा रेग्युलेटर आला, आणि ही चिप बनवणाऱ्या एएमडीने २०२४ मध्ये ही मालिका बंद करत असल्याचं जाहीर केलंय, म्हणून नवीन डिझाइन यावर सुरू करायला मला तरी जिवावर येतं.

पर्याय कुठलाही घ्या, जेटॅग कनेक्टरवरची व्हीरेफ पिन आधी मीटरने बघा. ती खरं तर बोर्डचं व्होल्टेज प्रोग्रामरला कळावं म्हणून असते, पण काही स्वस्तातले प्रोग्रामर तिच्यातून स्वतःच सप्लाय बाहेर देतात, मग दोन सप्लाय एकमेकांशी भांडतात. आणि बोर्ड बंद असताना प्रोग्रामर लावून ठेवू नका, सिग्नलच्या पिनमधूनच करंट आत शिरतो आणि चिप अर्धवट जागी होते.

माझं मत विचाराल तर जुना ५ व्होल्टचा बोर्ड असेल तर १५०४एएस आणि एफटी२३२एच, दुसरं काही बघू नका. चार-पाच गेटचंच काम असेल आणि सॉकेटवाला प्रोग्रामर हाताशी असेल तर जीएएल. एक्ससी९५७२एक्सएल आधीच ड्रॉवरमध्ये पडलेला असेल आणि एका बाजूला ३.३ चा मायक्रोकंट्रोलर, दुसऱ्या बाजूला एचसीटी असा मामला असेल तर तोच वापरा, मुद्दाम विकत मात्र मी घेणार नाही.