पीप्सची डायरी: माणूस भारी, पण ही कॉपी घेऊ नका

सॅम्युएल पीप्सची डायरी घ्यायची घ्यायची असं दोन वर्षं चाललं होतं, शेवटी दिवाळीच्या सेलमध्ये जुन्या पुस्तकांची रिप्रिंट काढणाऱ्या एका कंपनीची कॉपी चारशेच्या आत दिसली आणि मागवून टाकली. (उच्चार पीप्स बरं का, मी स्पेलिंग बघून पेपिस पेपिस करत फिरत होतो.)

माणूस लंडनचा, नौदलाच्या ऑफिसात नोकरी. 1 जानेवारी 1660 ला लिहायला लागला आणि 31 मे 1669 ला थांबला, का तर डोळे जाणार अशी भीती बसली. गेले नाहीत, 1703 पर्यंत जगला. मधल्या काळात परागंदा झालेला राजा दुसरा चार्ल्स परत आला, 1665 चा प्लेग झाला, 1666 ला लंडन जळलं, ह्या बाबाने सगळं लिहिलंय, आणि त्याच सुरात जेवायला काय होतं आणि बायकोशी कशावरून वाजलं तेही. आगीचंच बघा, पहाटे तीनला मोलकरीण उठवते, हा खिडकीतून बघतो, लांब आहे म्हणतो आणि परत झोपतो! मग दिवसा बाहेर पडल्यावर दिसतं की कबुतरं घर सोडायला तयार नाहीत, खिडक्यांभोवती घिरट्या घालतायत आणि पंख जळून खाली पडतायत. दोन दिवसांनी आग जवळ आली तर बागेत खड्डा खणून वाइन पुरली आणि सोबत पार्मेझान चीज. हे बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली त्यात काय, मी लोणच्याची बरणी पुरली असती.

आणि हो, आपली मुंबई पण आहे! 1663 मध्ये पोर्तुगीजांनी आपल्याला गंडवलं म्हणून चिडलाय. राजाची पोर्तुगीज राणी कॅथरीन, तिच्या लग्नात बेट आंदण मिळालं, पण तिथला गव्हर्नर ताबा देईना, वर कळलं की बेट अगदीच फालतू, छोटंसं, राजाला मात्र आजूबाजूची बेटं धरून सगळा एकच तुकडा आहे असं पटवलेलं, नकाशा पण तसाच काढून दाखवलेला. म्हणजे मुंबईत कार्पेट एरियावरून फसवाफसवी तेव्हापासून. (पुढे भर टाकून टाकून खरंच एक तुकडा केला म्हणा.)

आता ह्या कॉपीबद्दल. कागद पातळ, पलीकडची अक्षरं दिसतात, तारखा धड ठळक नाहीत, अनुक्रमणिका नाही. तेही चालवून घेतलं असतं. पण मजकूर 1890 च्या दशकातल्या व्हिक्टोरियन आवृत्तीतून उचललाय, कॉपीराइट संपलेला म्हणून फुकट, आणि त्या संपादकांनी चावट भाग गाळून तिथे टिंबं टाकलेली. 25 ऑक्टोबर 1668 ला पीप्स डेब नावाच्या कामवाल्या मुलीला मिठी मारून बसलाय आणि बायको अचानक वर येते, अख्ख्या डायरीतला सगळ्यात मोठा राडा, नेमकं तिथे वाक्य अर्धवट आणि टिंबं. मित्राकडे नव्या पाठावरून निवडलेली एका खंडाची आवृत्ती आहे, तिथे वाक्य पूर्ण आहे, स्पॅनिश वगैरे शब्दांची भेसळ करून लिहिलंय. मुळात डायरीच शॉर्टहँडमध्ये, वर ही भेसळ, इतकं लपवूनही आज आपण वाचतोय! 1819 पासून जॉन स्मिथ नावाच्या विद्यार्थ्याने तीन वर्षं घालून ती उलगडली, आणि शॉर्टहँडचं पुस्तक पीप्सच्याच लायब्ररीत पडलेलं, केंब्रिजला, हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं.

रिटर्न टाकायला गेलो तर मुदत संपून चार दिवस झालेले. तुम्ही घेणार असाल तर फोटोत आतलं पान झूम करून बघा, लॅथम आणि मॅथ्यूज ही नावं असली तर डोळे झाकून घ्या, 1970 पासून त्यांनी काढलेला पाठ पूर्ण आहे. अकरा खंड परवडणार नाहीत, त्यातली निवड मिळते. संपादकाचं नावच नसेल तर समजायचं टिंबं आहेत.

पीप्सला पाच स्टार, ह्या कॉपीला दीड, त्यातला अर्धा पॅकिंगचा.