निनावी थडगी, हयात वंशज: कटॉक्टिनची वाट की चार्ल्सटनची?

वसाहतकाळातली निनावी दफनभूमी सापडली आणि अस्थींचा डीएनए कसा तपासायचा हे ठरवायचं असेल, तर अमेरिकेतल्या या दोन वाटा आधी पाहाव्यात.

मेरीलँडमधल्या कटॉक्टिन फर्नेसच्या लोहभट्टीवर गुलामगिरीतले आफ्रिकी मजूर राबत. पुढे त्यांच्या जागी गोरे पगारी कामगार आले, जुनी माणसं पांगली. महामार्गासाठी थडगी उकरली गेली तेव्हा ‘ही आमची माणसं’ म्हणणारं गावात फारसं कुणी उरलं नव्हतं. कागदपत्रंही तोकडीच, कारण १८७० पूर्वीच्या जनगणनेत गुलामांची नावं सहसा लिहिलेलीच नाहीत. म्हणून संशोधकांनी २७ जणांचा डीएनए घरगुती डीएनए-तपासणीचं किट विकणाऱ्या ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या कंपनीच्या सुमारे ९३ लाख ग्राहकांशी ताडून पाहिला. दोघांच्या डीएनएत जितके लांब तुकडे तंतोतंत सारखे, तितका सामाईक पूर्वज जवळचा. २०२३ मध्ये निष्कर्ष आले: ४१,७९९ नातेवाईक, शिवाय पश्चिम आफ्रिकेच्या सेनेगॅम्बिया भागातल्या वोलोफ-मंडिंका आणि मध्य आफ्रिकेतल्या कोंगो लोकांशी धागे. आकडा थक्क करतो, पण यातले बहुसंख्य दूरच्या सामाईक पूर्वजाचे, थेट वंशज नव्हेत. आणि किट विकत घेतलं नाही, तो या शोधात दिसतच नाही.

दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनमध्ये २०१३ साली बांधकामात आफ्रिकी वंशाच्या ३६ जणांच्या अस्थी सापडल्या. तिथे गला (Gullah) हा गुलामगिरीतल्या आफ्रिकींच्या वंशजांचा समाज हयात होता, आणि तपासणीआधी चर्चा झाली ती त्याच्याशी. लोकांनीच पूर्वजांना नावं दिली, २०१९ मध्ये सन्मानाने पुन्हा दफन केलं. त्यातली वेलेला आणि इसी ही मायलेकरं असल्याचं डीएनएने दाखवलं. नातेवाइकांची संख्या इथे मोठी नाही. पण मला हीच वाट मोलाची वाटते, कारण मृतांबद्दल काय विचारायचं हे त्यांच्याच माणसांनी ठरवलं.

तेव्हा पहिला प्रश्न: या मृतांवर हक्क सांगणारा समाज आजूबाजूला आहे का? असेल, तर चार्ल्सटनची वाट धरा. कुणीच उरलं नसेल, तर कटॉक्टिनची. मात्र खाजगी कंपनीकडची माहिती आयुष्यभर सुरक्षित राहील असं धरून चालू नका. याच कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती फुटली आणि २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

नमुना बहुधा कवटीतल्या, आतल्या कानाभोवतीच्या टणक हाडाला भोक पाडून घेतात. ते हाड पुन्हा पूर्ववत होत नाही, म्हणून परवानगी लेखी घ्या आणि उरलेला नमुना कुणाकडे राहणार हे त्याच कागदावर लिहून घ्या.