निऑन की कार्डिनल?

टाकीत पाळायचे हे दोन छोटे, निळ्या-लाल पट्ट्यांचे मासे: निऑनचा लाल पट्टा अर्धा, कार्डिनलचा पूर्ण. मी दोन्ही पाळले. आधी निऑन, मग कार्डिनल.

निऑनची बाजू आधी. बाजारातले बहुतेक निऑन शेततळ्यांत वाढवलेले असतात. पिढ्यान् पिढ्या तिथेच गेल्याने नळाच्या पाण्याला ते फारसे बिचकत नाहीत. मूळचे ॲमेझॉनच्या वरच्या भागातले, त्यामुळे २२-२४ अंश त्यांना मानवते. हीटर थोडा कमी चालला तरी तक्रार नाही.

मग बिनसले कुठे? मोजणीत. सकाळी दिवा लावला की मी आधी मासे मोजायचो. बारा, बारा, अकरा. एखादा घोळक्यापासून सुटून कोपऱ्यात एकटा फिरायला लागला आणि निळ्या पट्ट्याखाली पांढुरका डाग दिसला, की समजायचे. प्लिस्टोफोरा हा सूक्ष्म परजीवी स्नायूंत घर करतो, त्यावर खात्रीचे औषध नाही. मेलेल्याला बाकीच्यांनी कुरतडून खाल्ले की पुढचा नंबर लागतो. माझा तो घोळकाच कदाचित कमकुवत असेल. निऑन वर्षानुवर्षे सुखाने सांभाळणारेही आहेत. पण रोजची ती हजेरी मला नकोशी झाली.

कार्डिनलला हा रोग होतच नाही असे नाही, माझ्याकडे झाला नाही एवढेच. त्याचे दुखणे वेगळे. तो दक्षिण अमेरिकेतल्या रिओ निग्रो आणि ओरिनोको या नद्यांच्या वरच्या भागातला, कोऱ्या चहासारख्या, आम्लधर्मी, जवळजवळ क्षारच नसलेल्या पाण्यातला. कितीतरी कार्डिनल आजही ब्राझीलमधल्या बार्सेलोसच्या आसपास जंगलातल्या ओढ्यांतून पकडून येतात. इतका प्रवास करून आलेला मासा पोटाने खपाटीला गेलेला असतो. पहिल्या दोन आठवड्यांत माझेही तीन गेले. मुरलेली, म्हणजे बरेच दिवस चालून स्थिरावलेली टाकी आणि कमी क्षारांचे पाणी नसेल तर निऑनच बरा, हे मान्य.



डिस्कस या गरम पाण्यात राहणाऱ्या माशासोबत २८-२९ अंशांत ठेवायचे असतील तर मात्र प्रश्नच नाही, कार्डिनलच; तिथे निऑन धापा टाकतो.

रुळल्यावर कार्डिनलने मला त्रास दिलेला आठवत नाही. सकाळी दिवा लागल्यावर काही मिनिटे ते फिकट, जांभळट दिसतात, मग हळूहळू निळे पेटतात. ते बघताना मोजायचे राहूनच जाते.