चित्रकथीसाठी ग्रांट: दिल्लीची की बंगळुरूची?

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजाकडच्या चित्रकथीच्या (चित्रं दाखवत गाऊन कथा सांगायची कला) जुन्या पोथ्या स्कॅन करायच्या आणि जाणत्यांकडून वीणा आणि हुडुक (डमरूसारखं छोटं वाद्य) यांच्यासकट कथा रेकॉर्ड करून घ्यायच्या, एवढंच काम असेल तर माझं मत सरळ बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स या कलेसाठी ग्रांट देणाऱ्या संस्थेला, कारण तिथं एकटा माणूसही अर्ज करू शकतो आणि मराठीत लिहिलं तरी चालतं, गावातल्या पोरांसाठी हे फार मोठं आहे. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या सीएफपीजी (कल्चरल फंक्शन अँड प्रॉडक्शन ग्रांट) स्कीमला रजिस्टर्ड संस्थाच लागते, वर पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र वगैरे आलंच. पण साधारण ५ लाखांपर्यंत मिळतात, महोत्सव किंवा वर्कशॉप करायचं तर तीच बरी. पोथीत चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, कोकणातली ओल त्यांना सोसत नाही, म्हणून स्कॅनिंग आधी उरका.