जेलची कूलिंग मॅट: नवतपात नाही, उमसेत कामाची

मार्च उजाडला की नागपुरात धरमपेठ-सदरकडच्या पेट शॉपमध्ये निळ्या जेल मॅट दर्शनी भागात येतात. खोक्यावर लिहिलेलं असतं: वीज नको, पाणी नको, फ्रीज नको. दुकानदाराचंही एकच पालुपद, "टाकून ठेवा खाली, कुत्रं आपोआप येऊन बसते." वस्तू खोटी नाही. पण ज्या मे महिन्यासाठी, त्यातही नवतपासाठी म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांसाठी, नागपूरकर ती घेतात, त्या महिन्यात ती एकटी काही करू शकत नाही, आणि ज्या महिन्यांत ती खरी उपयोगी पडते तेव्हा ती बहुतेक घरांत माळ्यावर गेलेली असते.

ही मॅट म्हणजे नायलॉन किंवा पीव्हीसीच्या दोन थरांमध्ये भरलेलं, मुख्यतः पाण्याचं, घट्टसर जेल. ती थंडावा तयार करत नाही, फक्त अंगातली उष्णता शोषून घेते. वजन पडलं की मॅट 'चालू होते' असं खोक्यावर छापतात, त्याचा अर्थ एवढाच की वजनाने पोट जेलला नीट टेकतं. कुत्र्याच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, पोटाची कातडी त्याहून थोडी थंड. जेल ३० अंशांवर असेल तर उष्णता पोटातून जेलमध्ये उतरेल. जेलच ४० अंशांवर असेल तर ती उलटी, जेलमधून पोटात चढेल.

वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, स्लॅब तापलेला, कूलर बंद, अशी मे महिन्यातली दुपार घ्या. खोलीत ३९-४० अंश सहज होतात, आणि खोलीत पडलेली मॅटही तेवढीच तापते. (३० मे २०२४ ला शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने दाखवलेले ५६ अंश सेन्सर बिघडल्यामुळे होते, पण ४५ ची दुपार इथे खरीच असते.) अशा खोलीत कुत्रं मॅटवरून उठून मोरीत जाऊन बसत असेल, तर त्याला मॅट 'आवडत नाही' असं समजू नका. त्याचं बरोबर आहे.

आता खोक्यावरच्या 'तीन तास गारवा'चा हिशेब करू. ३० किलोचं लॅब्राडोर निवांत पडलेलं असताना अंगातून साधारण ५० वॅट उष्णता टाकतं. तीन किलोची मॅट ३० अंशांवरून ३५ वर, म्हणजे पोटाच्या कातडीच्या जवळपास, जाईपर्यंत सुमारे ६० किलोज्यूल उष्णता घेते. कुत्र्याची निम्मी उष्णता जरी मॅटमध्ये उतरली, तरी ४० मिनिटांत मॅट भरली. त्यानंतर ती नुसती सतरंजी. कुत्रं उठलं की मॅट पुन्हा थंड व्हायला हवेशीर जागी तासभर तरी लागतो, आणि तोही खोली थंड असेल तरच.

म्हणून उन्हाळ्यात मॅट वापरायची तर कूलर चालू असलेल्या खोलीत, आणि कूलरची हवा मॅटच्या रिकाम्या भागावर येईल अशी. कूलरच्या ताट्या स्वच्छ असतील आणि समोरची खिडकी उघडी असेल, तर खोली ३० च्या आसपास राहते आणि मॅटला काम उरतं. खिडकी बंद ठेवून कूलर चालवला की खोलीत नुसता दमटपणा साचतो. कुत्र्याचा सगळा भर धापेवर असतो, जिभेवरचं पाणी उडून अंग थंड होतं; दमट हवेत ते पाणी उडतच नाही. दुपारी लाइट गेली की मात्र कूलरने गार केलेली मॅट पाऊण तास हात देते. एवढ्यासाठी ती मे महिन्यात घरात असावी.

कूलरचा विषय निघालाच आहे तर एक सांगायलाच हवं. पत्र्याच्या कूलरमधून गळणारं पाणी कुत्री-मांजरं हमखास चाटतात. अर्थिंग नसलेल्या कूलरच्या बॉडीत करंट उतरला असेल तर ओल्या फरशीवरच्या ओल्या पंजांना तो सगळ्यात आधी लागतो. मॅट घेण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, पंपाची वायर बदलून घ्या. पिण्याच्या पाण्याचं मातीचं भांडं कूलरपासून लांब, सावलीत ठेवा.

महाल-इतवारीकडच्या जुन्या, तळमजल्याच्या घरांना आमचा सल्ला: मॅट घेऊच नका. जमिनीला लागून असलेली शहाबादी फरशी खालच्या मातीत उष्णता सोडत राहते, ती मॅटसारखी भरत नाही. तिच्यावर मॅट टाकणं म्हणजे थंड फरशी झाकणं. तळहात दहा मिनिटं फरशीवर आणि दहा मिनिटं मॅटवर ठेवून पाहा, उत्तर मिळेल.

कोरड्या मे महिन्यात स्वस्तातली खरी स्पर्धा आहे ती ओल्या पोत्याशी. हवा ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना पंख्याखालचं ओलं गोणपाट २३-२४ अंशांपर्यंत उतरू शकतं. जेल मॅट त्याच्या जवळपासही जात नाही. पोतं पिळून घ्यायचं, पाणी टपकायला नको, आणि अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा भिजवायचं. ते कुत्र्याच्या खाली घाला, पाठीवर पांघरू नका. पाठीवरचा ओला टॉवेल काही मिनिटांत कोमट होतो आणि केसांत वाफ कोंडतो. रात्री पोतं वाळत टाका, नाहीतर वास येतो.

पण मृग लागला की हे गणित पार बदलतं. जुलैमध्ये हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की ओलं पोतं २८ च्या खाली जात नाही, वाळत नाही, आणि सतत ओल्या पोटाला खाज सुटून चट्टे पडतात. कूलर लावला तर उमस आणखी वाढते. जेल मॅटला मात्र आर्द्रतेशी देणंघेणं नाही; ती स्पर्शाने उष्णता घेते, पाणी उडवून नाही. खोली २९-३० वर आणि पोट ३५-३६ वर, एवढा फरक तिला पुरतो. मृगापासून पोळ्यापर्यंत, आणि पुढे ऑक्टोबरच्या उकाड्यातही, एसी नसलेल्या घरात ती पैसे वसूल करते. पग, बुलडॉग, शित्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर जास्तच, कारण त्यांची धाप मुळातच अपुरी पडते.

घेताना मॅट वजनावर घ्या, रंगावर नाही. उष्णता जेल शोषतं, कापड नाही. ९० बाय ५० सेंटिमीटरची मॅट अडीच-तीन किलो तरी भरली पाहिजे. हलकी असेल तर आत जेलचा थर नावापुरता आहे. 'आईस सिल्क' म्हणून मिळणारी कापडी मॅट हाताला क्षणभर गार लागते, तेवढंच. माप घेताना कुत्रं आडवं पडलेलं असताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजा आणि १५ सेंटिमीटर वाढवा. कडेची शिलाई नको, उष्णतेने चिकटवलेली रुंद पट्टी हवी. कोपरे अंगठ्याने दाबून पाहा. तिथूनच जेल आधी फुटतं. आत काय आहे हे छापलेलं नसेल तर परत ठेवा. एथिलीन ग्लायकॉल कुत्र्या-मांजरांसाठी जहाल विष आहे, आणि दात फुटणाऱ्या पिल्लाला मॅटचा कोपरा म्हणजे खाऊच. वर्षाच्या आतल्या पिल्लाला मॅटवर एकटं सोडू नका.

सवय लावायला पहिले दोन दिवस त्याची जुनी चादर अर्ध्या मॅटवर घाला, मग रोज थोडी मागे सरकवा. नायलॉनचा चरचर आवाज बऱ्याच कुत्र्यांना खटकतो. मॅट पलंगाखालच्या सावलीत पहाटेपासून सपाट पसरून ठेवा, दुपारी बाहेर काढा. बाल्कनीत उन्हात राहिली की जोड सुटतात. फ्रीजरमध्ये घातली की जेल गोठून गुठळ्या होतात. खालच्या कप्प्यात वीस मिनिटं चालतं, तेही कंपनीने तसं सांगितलं असेल तर. बाजूला उघडी जागा नक्की ठेवा, म्हणजे नको वाटलं की जनावर उठून जाऊ शकेल. म्हाताऱ्या, सांधे धरलेल्या कुत्र्याला नुसती मॅट टोचते, खाली पातळ गादी लागते.

मांजरांसाठी आम्ही शिफारस करणार नाही. नखांनी आठवड्यात भोकं पडतात, आणि मांजर स्वतःची थंड जागा स्वतः शोधतं: माठाच्या तिवईखाली, नाहीतर बाथरूमच्या कोपऱ्यात. तरी घरात दोन्ही असतील, तर मॅट फिनाईलने पुसू नका. त्यातले फेनॉल मांजराच्या यकृताला सोसत नाहीत, आणि मांजर पंजे चाटतं. साध्या साबणाचा ओला फडका, मग कोरडा फडका, बस. पावसाळ्यात मॅट उलटी करून कडेच्या घड्या बघा, गोचिडं तिथे दडतात.

आणि मॅट हा उष्माघातावरचा इलाज नाही. न थांबणारी धाप, चिकट लाळ, विटकरी लाल हिरड्या, झोकांड्या, यातलं काही दिसलं की जनावर मॅटवर झोपवून वाट बघू नका. आधी अंगावर पाणी ओता आणि पंखा लावा. पाणी बादलीतलं किंवा माठातलं घ्या, गच्चीवरच्या टाकीचं नको. मे महिन्यात दुपारी त्या नळाखाली हात धरवत नाही. तापमान ३९.५ वर आलं की पाणी ओतणं थांबवा. मोजायला थर्मामीटर नसेल तर मोजण्यात वेळ घालवू नका, भिजवा आणि निघा: जवळचा डॉक्टर किंवा सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. गाडीत एसी चालू, नाहीतर काचा खाली. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर तेवढ्यावरच निघायचं.

फुटलेली मॅट सेलोटेपने सांधण्यात अर्थ नाही, चाटल्यावर टेप निघते. जेल मोरीत धुऊ नका, पाणी धरून फुगलं तर पाइप तुंबतो. पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. धड असलेली मॅट दिवाळीनंतर पुसून, घडी न घालता, दिवाणात सपाट ठेवा. घडीच्या रेघेवरच पुढच्या वर्षी चीर पडते.