नर्सिंगच्या मुलींनो, अनुभवासाठी पैसे भरू नका. माझे १५,१०० गेले.

मी सिंधुदुर्गातली, जीएनएमची (नर्सिंगच्या डिप्लोमाची) विद्यार्थिनी. हे लिहायला तीन महिने लावले, लाज वाटत होती म्हणून. गेल्या आठवड्यात आमच्याच कॉलेजच्या एका ज्युनिअरला मी ज्याला फसले तोच कामाचा मेसेज आला, अगदी शब्दन् शब्द तोच. आता गप्प बसवत नाही.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाली आणि सुट्टीत नर्सिंग असिस्टंट म्हणून कुठे काम करायचं याची चर्चा सुरू झाली. एक मैत्रीण ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात विचारून आली, दुसरी गावातल्या डॉक्टरांच्या बारा खाटांच्या दवाखान्यात महिना ४,००० वर लागली. मला मुंबई हवी होती. ती हाव नव्हती. इथे दुसऱ्या वर्षाच्या मुलीला आयसीयूच्या आत कोण उभं करतं? आणि आमच्याकडे प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी मुंबईला असतं. मुंबईत काम मिळतंय म्हटल्यावर खोदून विचारायची सवयच नाही कोणाला.

तो मेसेज पाठवणाऱ्या माणसाने पहिल्याच फोनवर मला 'सिस्टर' म्हटलं. तोवर मला कोणीच तसं म्हटलं नव्हतं. शंभर खाटांचं हॉस्पिटल, महिना ९,००० स्टायपेंड, राहणं फुकट, शेवटी अनुभवाचं पत्र. परदेशात जायचं तर हे पत्र लागतंच, असंही ठासून सांगितलं. मग नोंदणीचे १,५००. गणवेश आणि ओळखपत्राचे २,३००. मेडिकल आणि पोलीस पडताळणीचे १,८००. हॉस्टेलचं डिपॉझिट ६,०००, 'परत मिळणारं'. झाले ११,६००. राहणं फुकट म्हणाला होता तर डिपॉझिट कसलं, हेसुद्धा मी विचारलं नाही.

पैसे बाबांनी दिले. वाशीहून आंब्याची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, नुकतेच आले होते. क्यूआर स्कॅन केला आणि स्क्रीनवर हॉस्पिटलचं नाव आलं नाही, एका बाईचं नाव आलं. मी ते वाचलं. बाबांनीही वाचलं. म्हणाले, "गो, पैशे कोणाक जातत? ह्यां नाव कोणाचा?" आणि मी, शिकलेली, त्यांनाच म्हटलं, "बाबा, अकाउंटंटचं असेल, तुम्हाला नाही कळायचं." आणि पिन टाकला. त्यानंतरची प्रत्येक गोष्ट त्या एका वाक्यातून झाली. हॉस्पिटल स्वतःच्या खात्यात पैसे घेतं आणि शिक्क्याची पावती देतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं.

कणकवलीहून तुतारी एक्स्प्रेसने निघाले, पहाटे दादरला उतरले. नवी मुंबईत जिथे नेलं ती सोसायटी होती. तिसऱ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या एक आजी. "इथे ट्रेनिंग, मग वॉर्ड," असं सांगितलं. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका 'पडताळणीसाठी' काढून घेतल्या. घरोघरी नर्स पुरवणाऱ्या ब्युरोची चोवीस तासांची ड्युटी होती ती, दुसरं काही नाही. घरचे लोक त्या माणसाला महिन्याचे पैसे मोजत होते आणि मी ट्रेंड नर्स आहे असं समजत होते. राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून) भरवायचं, युरोबॅग (लघवीची पिशवी) रिकामी करायची, बेडसोर होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. वर बघायला ना सिस्टर, ना डॉक्टर. नवव्या दिवशी भरवताना आजींना ठसका लागला, चेहरा निळसर पडला. मी फीड थांबवलं, त्यांना कुशीवर वळवलं, त्या सावरल्या. माझे हात रात्रभर थरथरत होते. त्या वाचल्या नसत्या तर? मुलींनो, तुमच्या वर रजिस्टर्ड नर्स नसेल तर ती जागा शिकायची नाही. त्याच दिवशी निघा.

मी निघाले नाही. गुणपत्रिका त्याच्याकडे होत्या आणि ११,६०० अडकले होते. २६ दिवस काढले. पत्रासाठी आणखी ३,५०० मागितले, तेही दिले. एकूण १५,१००. स्टायपेंड शून्य. पत्रावर ज्या हॉस्पिटलचं नाव होतं तिथे मी स्वतः गेले. त्यांनी मला ओळखलं नाही, त्या माणसालाही नाही.

मग तक्रार. गावाकडच्या ठाण्यात म्हणाले, प्रकार तिकडे घडलाय, तिकडे जा. तिकडे म्हणाले, पैसे गावाहून पाठवलेत, तिकडे द्या. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची, असं लिहिलंय. मी मोबाईलवर उघडून दाखवलं तर, "आम्हाला कायदा शिकवतेस काय?" दोन वेळा बाबांचा दिवस बुडाला, एकदा चार तास बाकावर बसवून ठेवलं. शेवटी साधा अर्ज घेतला, पोचही मागून मागून मिळाली. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तेव्हा फार उशीर झाला होता. तो त्याच दिवशी करायचा असतो, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात. कॉलेजने सांगितलं, सुट्टीतलं आम्हाला विचारून केलंत का?

विचारलं नव्हतं, खरं आहे. तुम्ही विचारा. खाजगी दवाखाना असेल तर शुश्रूषागृह नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर असतं, ते वाचा. मेट्रनना (मुख्य नर्सना) भेटल्याशिवाय हो म्हणू नका. मूळ कागद कोणाच्याही हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. आणि अनुभवाचं पत्र नाही म्हणून नर्सिंग कौन्सिलची नोंदणी अडत नाही. ती कोर्स पास झाल्यावर होते. बारा खाटांच्या दवाखान्यात लागलेली माझी मैत्रीण आज आयव्ही लावायची तयारी न चुकता करते, ड्रेसिंगचा ट्रे मांडते. मी कुशी बदलल्या.

गुणपत्रिकांची दुय्यम प्रत काढायला गेले तर पोलिसांचा दाखला आणा म्हणाले. ठाण्यात म्हणतात, 'प्रवासात गहाळ झाल्या' असं लिहून दे, दहा मिनिटांत दाखला देतो. त्या गहाळ झालेल्या नाहीत, माझ्याकडून काढून घेतल्या आहेत. मी अजून तसं लिहून दिलेलं नाही.